बोर्ड चालू होत नाही, तेव्हा त्याला विचारायचं कसं? डीबग कन्सोलची सोप्या भाषेत ओळख

इंटरनेटला जोडले जाणारे सीसीटीव्ही कॅमेरे भारतात विकायचे असतील, तर एप्रिल २०२५ पासून ते सरकारमान्य प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे लागतात. त्या तपासणीच्या निकषांमध्ये एक अट आहे: यूएसबी, यूएआरटी यांसारख्या डीबगिंगच्या, म्हणजे आतले दोष शोधण्याच्या, जोडण्या एकतर बंद असाव्यात, नाहीतर अवघड पासवर्डमागे असाव्यात. बातम्यांमध्ये चर्चा झाली ती चिनी कंपन्यांची आणि सोर्स कोडची. ही अट बहुतेकांच्या वाचनातून निसटली, आणि ज्यांनी वाचली त्यांनाही प्रश्न पडला असेल की कॅमेऱ्याच्या आत ही कसली जोडणी, आणि ती मुळात ठेवतातच कशाला?

ठेवतात, कारण तिच्याशिवाय नवा बोर्ड जिवंत करणं जवळजवळ अशक्य आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून महापे-रबाळेच्या एमआयडीसीपर्यंत स्वतःचे बोर्ड बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांना हे रोज भोगावं लागतं. आणि ज्या कारणासाठी ही जोडणी उपयोगी पडते, नेमक्या त्याच कारणासाठी ती धोक्याचीही ठरते. म्हणून आधी तिचं काम समजून घेऊ, धोक्याकडे नंतर येऊ.

डबीच्या आत एक अख्खा संगणक

वाय-फाय राउटर, आयपी कॅमेरा, सोसायटीच्या गेटवरचं व्हिजिटर पॅनेल, कारखान्यातलं मशीन चालवणारा कंट्रोलर: यांपैकी बऱ्याच डब्यांत छोटा प्रोसेसर, थोडी रॅम, फ्लॅश मेमरी आणि त्यावर चालणारी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असते. यालाच एम्बेडेड लिनक्स म्हणतात.

बोर्ड बनवणारी कंपनी सहसा अशी सुरुवात करते. चिप तयार करणाऱ्या कंपनीचा नमुना बोर्ड विकत घ्यायचा, त्यावर आपलं सॉफ्टवेअर चालवून पाहायचं, मग आपल्या गरजेपुरते भाग ठेवून स्वतःचा बोर्ड आखायचा. नमुना बोर्डावर सगळं सुरळीत चालतं. आपला पहिला बोर्ड बनून येतो, पॉवर दिली जाते, लाल एलईडी लागतो, आणि पुढे काहीच घडत नाही. स्क्रीन नाही, नेटवर्क नाही. ‘सर, पॉवर तर येतेय, पण बोर्ड मेलाय बहुतेक,’ असं म्हणणारा ज्युनिअर अशा प्रत्येक ऑफिसात असतो. बोर्ड सहसा मेलेला नसतो. तो काय सांगतोय ते ऐकायची सोय आपण केलेली नसते.

ती सोय म्हणजे डीबग कन्सोल: बोर्डावरच्या दोन-तीन पिना. त्यांच्यातून बोर्ड आपण काय करतोय ते अक्षरांत लिहून पाठवत राहतो, आणि आपण टाइप केलेलं त्याच वाटेने आत जातं.

एसएसएचने लॉगिन करता येतं की, मग तार कशाला?

येतं, पण फार उशिरा. एसएसएचने, म्हणजे दूर बसून नेटवर्कवरून, आत शिरायचं तर त्याआधी रॅम चालू झालेली हवी, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा लोड झालेला हवा, इथरनेटचा ड्रायव्हर लागलेला हवा, बोर्डाला आयपी पत्ता मिळालेला हवा आणि एसएसएचची सेवा उठलेली हवी. नव्या बोर्डाचं बिनसतं ते बहुतेक वेळा यातल्या पहिल्या पायऱ्यांवर. स्क्रीनचंही तसंच आहे. डिस्प्ले चालवायला बरंच सॉफ्टवेअर आधी उभं राहावं लागतं.

कन्सोलच्या पिनांमागे असतो तो यूएआरटी: अक्षरं एकेक बिट करून तारेवर पाठवणारा, चिपमधला अगदी साधा भाग. एक अक्षर बाहेर पाठवायचं तर त्याच्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या छोट्या कप्प्यात, ते अक्षर लिहिलं की झालं. बाहेरची रॅम चालू नसली तरी चालतं. त्यामुळे पॉवर दिल्यानंतर लगेचच, बाकी सगळं झोपेत असताना, बोर्ड यावरून बोलू शकतो.

जेटॅग नावाचं आणखी खोल जाणारं साधनही असतं. त्याने प्रोसेसर मध्येच थांबवून आतलं पाहता येतं. पण त्याला वेगळं उपकरण लागतं आणि ते वापरायचं कौशल्य लागतं. दहातल्या नऊ अडचणींना कन्सोल पुरतो असं माझं मत आहे.

तीन तारा आणि एक ठरलेला वेग

यूएआरटीला तीन तारा पुरतात: एक बोलायची (टीएक्स), एक ऐकायची (आरएक्स) आणि एक ग्राउंड. कुणी कधी बोलायचं हे सांगणारी घड्याळाची वेगळी तार नसते. लोकलमध्ये गार्ड आणि मोटरमन एकमेकांपासून बारा डबे दूर असतात आणि घंटेच्या टोल्यांवर बोलतात. दोन टोले म्हणजे गाडी सोडा. हे जमतं, कारण कुठल्या टोल्यांचा काय अर्थ आणि टोल्यांत किती अंतर, हे दोघांनाही आधीच पाठ असतं. स्टेशनवरचे इंडिकेटर आणि घोषणा बंद पडल्या तरी त्या दोघांची घंटा चालूच राहते. कन्सोलचं काम अगदी असंच चालतं.

इथे त्या ‘अंतरा’ला बॉड रेट म्हणतात. बोलणं नसताना तार उच्च व्होल्टेजवर स्थिर असते. अक्षर सुरू होताना ती एका ठोक्यापुरती खाली येते, मग अक्षराचे आठ बिट जातात, मग एक ठोका पुन्हा वर. म्हणजे एका अक्षराला दहा ठोके. सर्वांत रुळलेला वेग सेकंदाला १,१५,२०० ठोके, म्हणजे एक ठोका सुमारे ८.६८ मायक्रोसेकंदांचा.

दोन्हीकडचे वेग जुळले नाहीत तर स्क्रीनवर चित्रविचित्र चिन्हं उमटतात. नवखा माणूस ती पाहून हिरमुसतो, खरं तर त्याने खूश व्हायला हवं. तार बरोबर जागी लागली आहे आणि बोर्ड बोलतोय, हे त्यातून सिद्ध झालेलं असतं. उरतो फक्त वेग. तो संकेताचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर किंवा स्वस्त लॉजिक अॅनलायझरवर सर्वांत लहान ठोका मोजून काढता येतो. रॉकचिप कंपनीच्या अनेक चिपा सेकंदाला १५ लाख ठोक्यांनी बोलतात. अशा बोर्डाला सीपी २१०२ चिपवालं जुनं अडॅप्टर लावलं तर कितीही डोकं फोडलं तरी वाचता येत नाही, कारण त्याची धाव १० लाखांपर्यंतच आहे.

लॅमिंग्टन रोडवर काय मागायचं

या तारा लॅपटॉपच्या यूएसबीला जोडायला मधे एक अडॅप्टर लागतं. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनबाहेर पडून लॅमिंग्टन रोडच्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘यूएसबी टू टीटीएल’ मागा. सीएच ३४०, सीपी २१०२ किंवा एफटी २३२ चिपवालं छोटं अडॅप्टर मिळतं. ‘यूएसबी टू सीरियल’ एवढंच म्हणालात तर नऊ पिनांच्या कनेक्टरची केबल हातात पडू शकते. ती आरएस-२३२ची असते. तिच्यावर व्होल्टेज उणे-अधिक १५ पर्यंत जाऊ शकतं आणि संकेतही उलटे असतात. ती थेट बोर्डाच्या पिनांना लावली तर प्रोसेसर जळू शकतो.

अडॅप्टर घेतल्यावर त्याचा व्होल्टेज निवडायचा जंपर ५ वर आहे की ३.३ वर ते बघा. बहुतेक लिनक्स बोर्ड ३.३ व्होल्टवर बोलतात. काही १.८ वर बोलतात. क्वालकॉमच्या चिपवरचा ड्रॅगनबोर्ड ४१०सी हे त्याचं उदाहरण. तिथे ३.३ लावणं चुकीचं, मधे व्होल्टेज जुळवून देणारा लेव्हल शिफ्टर हवा. अडॅप्टरची व्हीसीसीची, म्हणजे वीजपुरवठ्याची, चौथी तार मोकळीच ठेवा. बोर्डाला त्याचा स्वतःचा पुरवठा असतो, दोन पुरवठे एकमेकांना भिडवायचे नाहीत. आणखी एक बारकावा, जो फार वेळ खातो. बोर्ड बंद केला तरी अडॅप्टरच्या टीएक्समधून थोडा विद्युतप्रवाह चिपमध्ये झिरपत राहतो आणि चिप पूर्णपणे रीसेट होत नाही. ‘कधी चालतो, कधी नाही’ अशी तक्रार असेल तर पॉवर काढताना ही तारही काढून पाहा.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यायचाय. ज्या वस्तू पॉवर अडॅप्टरशिवाय थेट घरच्या २३० व्होल्टवर चालतात, उदाहरणार्थ स्मार्ट प्लग, त्यांतल्या अनेकांच्या बोर्डाचं ‘ग्राउंड’ मेन्सपासून वेगळं केलेलं नसतं. त्याला लॅपटॉप जोडला तर लॅपटॉप जाईल, आणि तुमच्या जिवावरही बेतू शकतं. अशा बोर्डाला मेन्सवर असताना हातसुद्धा लावू नका. विजेच्या मीटरच्या वाटेला तर जाऊच नका. त्यात छेडछाड करणं वीज कायदा २००३च्या कलम १३५ खाली वीजचोरीत मोडू शकतं.

कुठली पिन कुठली?

बोर्ड तुमचाच असेल तर सर्किटचा नकाशा हाताशी असतो. नसेल तर एका रांगेतल्या तीन-चार पिना किंवा सोल्डर न केलेली गोल पॅड शोधा. पॉवर बंद ठेवून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावा. एक टोक यूएसबी किंवा इथरनेटच्या धातूच्या आवरणाला, दुसरं टोक एकेका पॅडला. जिथे बीप वाजतो ते ग्राउंड. मग पॉवर देऊन बाकीच्यांचं व्होल्टेज मोजा. जे पॅड ३.३च्या आसपास असतं आणि बोर्ड सुरू होताना आकडा थरथरतो, ते बहुधा टीएक्स. जे अजिबात हलत नाही ते व्हीसीसी असू शकतं.

बोर्डाची टीएक्स अडॅप्टरच्या आरएक्सला आणि उलट, अशी अदलाबदल करून जोडायची. त्याआधी अडॅप्टर स्वतः ठीक आहे ना, हे तपासायला त्याच्याच टीएक्स आणि आरएक्स एकमेकांना जोडा आणि टाइप करा. अक्षरं परत आली तर तो बरा आहे. आपल्या हवेत हे सगळं करताना पॅड आधी साफ करणं फार गरजेचं आहे. पावसाळाभर उघड्यावर राहिलेल्या बोर्डाच्या तांब्यावर हिरवट थर चढतो, आणि मल्टिमीटरची टोकं त्यावर नीट टेकतच नाहीत.

बोर्डाचं बोलणं स्क्रीनवर वाचायला एक टर्मिनल प्रोग्रॅम लागतो: लॅपटॉपवर लिनक्स असेल तर पिकोकॉम किंवा मिनिकॉम, विंडोज असेल तर पुटी किंवा टेरा टर्म. लिनक्सवर ‘परवानगी नाही’ असं आलं तर उबुंटूसारख्या सिस्टिमवर स्वतःला डायलआउट गटात, म्हणजे सीरियल जोडणी वापरायची मुभा असलेल्यांच्या यादीत, घालावं लागतं. आणि बोर्डाचं बोलणं दिसतंय पण आपण टाइप केलेलं जातच नाही, असं झालं तर मिनिकॉमची ‘हार्डवेअर फ्लो कंट्रोल’ची सेटिंग बंद करा. तीनच तारांच्या जोडणीत ती चालू राहिली, तर मिनिकॉम कधीच न येणाऱ्या इशाऱ्याची वाट पाहत बसतो.

एकाच तारेवर पाळीपाळीने बोलणारे

कन्सोलवरचं बोलणं एकाच कार्यक्रमाचं, म्हणजे प्रोग्रॅमचं, नसतं. पॉवर दिल्यापासून लॉगिनपर्यंत चार-पाच वेगवेगळे कार्यक्रम त्या तारेचा ताबा घेतात, आणि प्रत्येकाला ‘आपली तार कोणती’ हे स्वतंत्रपणे सांगावं लागतं. बोलणं कुठे तुटलं यावरून दोष कुठे आहे ते कळतं. ‘काहीच येत नाही’ या शब्दांत तक्रार मांडली की निदान होत नाही. शेवटची ओळ कोणती आली, ते विचारायचं.

सर्वांत आधी उठतो तो चिपमध्ये कायमचा कोरलेला रॉमचा कार्यक्रम. तो बऱ्याच चिपांमध्ये गप्पच असतो. पण टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम ३३५एक्स चिपला (बीगलबोन ब्लॅकवर हीच आहे) कार्डात किंवा फ्लॅशमध्ये काही सापडलं नाही, तर ती कन्सोलवर इंग्रजी ‘सी’ हे अक्षर पुन्हा पुन्हा पाठवत बसते. लोकांना वाटतं बोर्ड बिघडला. प्रत्यक्षात चिप म्हणत असते की मला कुठूनच प्रोग्रॅम मिळाला नाही, निदान या तारेवरून तरी पाठव.

मग येतो बूटलोडर, म्हणजे लिनक्सला उचलून रॅममध्ये आणून बसवणारा कार्यक्रम. एम्बेडेड जगात बहुतेक ठिकाणी तो यू-बूट असतो. वोल्फगँग डेंक या जर्मन अभियंत्याने सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प आजही जोमात आहे. त्याचा एक छोटा पहिला तुकडा चिपच्या आतल्या इवल्याशा मेमरीत चालतो आणि बाहेरची रॅम सुरू करतो. त्याची एखादी ओळ येऊन बोलणं तिथेच थांबलं, तर संशय रॅमवर घ्या. नमुना बोर्डाच्या रॅमची सेटिंग्ज तशीच उचलली आणि आपल्या बोर्डावर वेगळ्या कंपनीची किंवा वेगळ्या क्षमतेची रॅम बसवली, हा नेहमीचा घोळ आहे.

यानंतर मुख्य यू-बूट दिसतो. ‘थांबवायचं असेल तर कुठलंही बटण दाबा’ अशा अर्थाची ओळ आणि उलटी मोजणी येते. इथे बटण दाबलं की यू-बूटचा प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची जागा, मिळतो. कर्नल कुठून घ्यायचा, त्याला काय सांगायचं, हे सगळं इथून बदलता येतं.

आता ज्या जागी नवे लोक सर्वांत जास्त अडकतात ती जागा. यू-बूट ‘कर्नल सुरू करतोय’ असं लिहितो, आणि मग शांतता. बहुतेकांना वाटतं कर्नल कोसळला. अनेकदा कर्नल व्यवस्थित चालू असतो, फक्त दुसऱ्याच पिनांवर बोलत असतो. कारण यू-बूटला तार कोणती ते एकीकडे सांगितलेलं असतं आणि कर्नलला दुसरीकडे. नमुना बोर्डावर कन्सोल पहिल्या यूएआरटीवर होता, आपण जागेच्या सोयीसाठी तो तिसऱ्यावर नेला, यू-बूटमध्ये बदल केला आणि कर्नलमध्ये करायचा राहिला. कर्नलसाठी दोन जागा तपासा. पहिली, त्याला सुरू होताना मिळणारी ‘कन्सोल=’ ही सूचना. तिच्यात पोर्टचं नाव हवं, आणि ते चिपनुसार बदलतं: कुठे टीटीवायएस०, एनएक्सपीच्या आय-डॉट-एमएक्स चिपांवर टीटीवायएमएक्ससी०, एआरएमच्या पीएल०११ यूएआरटीवर टीटीवायएएमए०. दुसरी जागा म्हणजे डिव्हाइस ट्री, बोर्डावर काय कुठे जोडलंय याची कर्नलला दिलेली यादी. तिच्यात तो यूएआरटी चालू केलेला हवा आणि त्याच्या पिना त्याच कामासाठी नेमलेल्या हव्यात. चिपची एकच पिन चार-पाच कामं करू शकते, त्यामुळे हे नेमणं विसरलं की ती पिन भलतंच काहीतरी करत बसते.

हे दोन्ही बरोबर असूनही शांतता असेल तर ‘अर्लीकॉन’ ही सूचना जोडा. नेहमीच्या वाटेने कर्नलचे सुरुवातीचे संदेश आधी मेमरीत साठतात आणि यूएआरटीचा ड्रायव्हर उभा राहिल्यावर एकदम बाहेर पडतात. त्याआधीच कर्नल पडला तर ते संदेश आतच राहतात. अर्लीकॉनमुळे ड्रायव्हरची वाट न पाहता ते थेट तारेवर येतात. आणि सूचनांमध्ये ‘क्वाएट’ राहून गेलंय का, तेही पाहा. विक्रीच्या सॉफ्टवेअरमधून उचललेल्या ओळीत ते हमखास असतं.

शेवटी कर्नल सगळं बोलतो पण लॉगिन येत नाही. लॉगिनची ओळ दाखवणारा गेट्टी नावाचा छोटा कार्यक्रम वेगळा असतो. बोर्डावरच्या सेवा सुरू करायला सिस्टिमडी असेल तर तो कर्नलच्या कन्सोलवर आपोआप उठतो. बिझीबॉक्स या आटोपशीर साधनसंचावर चालणाऱ्या छोट्या सिस्टिममध्ये इनिटटॅब फाइलमध्ये त्याची ओळ आपणच लिहावी लागते. ‘कन्सोल=’ दोनदा दिलेलं असेल तर कर्नलचे संदेश दोन्हीकडे जातात, पण बाकीचे कार्यक्रम ज्याला मुख्य कन्सोल मानतात तो शेवटी लिहिलेला. क्रम उलटा झाला की लॉगिन दिसतच नाही.

मग चोरालाही हीच वाट सापडेल ना?

सापडते. सुरुवातीची सरकारी अट त्यासाठीच आहे. लॉगिनला कितीही अवघड पासवर्ड ठेवला, पण यू-बूट थांबवता येत असेल, तर कर्नलला ‘लॉगिन दाखवूच नकोस, सरळ सर्वाधिकार असलेला शेल (हुकूम टाइप करायची जागा) दे’ असं सांगता येतं. पासवर्ड तिथे निरुपयोगी ठरतो.

‘पण त्यासाठी डबी उघडावी लागते, माझ्या घरात येऊन कोण उघडणार?’ हा आक्षेप रास्त वाटतो. अडचण अशी की तुमचीच डबी उघडायची गरज नसते. त्याच मॉडेलची एक डबी दुकानातून विकत घेऊन स्वतःच्या टेबलावर उघडायची, कन्सोलमधून आतलं सॉफ्टवेअर बाहेर काढायचं आणि निवांत वाचायचं. कंपनीने सगळ्या डब्यांना एकच पासवर्ड किंवा एकच गुप्त किल्ली ठेवली असेल, तर एका डबीतून सगळ्यांची माहिती मिळाली. पुढचा हल्ला नेटवर्कवरून, तारेशिवाय होतो.

शिकण्यासाठी स्वतःचा राउटर उघडणं वेगळं आणि दुसऱ्याच्या यंत्रात परवानगीशिवाय शिरणं वेगळं. दुसरं काम माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं. सोसायटीच्या गेटवरचं पॅनेल तुमच्या इमारतीत असलं तरी ते सोसायटीचं आहे. कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय त्याला तार लावू नका. सरावासाठी रास्पबेरी पाय उत्तम. त्याच्या सहाव्या पिनेवर ग्राउंड, आठव्यावर टीएक्स, दहाव्यावर आरएक्स, आणि यातलं काहीच लपवलेलं नाही.

विकताना पिना काढूनच टाकल्या तर?

बऱ्याच कंपन्या एवढंच करतात. त्याने शोधणाऱ्याचा थोडा वेळ जातो, इतकंच. चिपचा पाय बोर्डावर आहे तोवर बारीक तार सोल्डर करता येते. शिवाय वर्षभराने एखादा बोर्ड दुरुस्तीला परत येतो, तेव्हा आपल्याच माणसाला आत पाहता येत नाही आणि अख्खा बोर्ड भंगारात जातो. दुरुस्तीयोग्य वस्तू फेकायची वेळ येणं मला फार खुपतं.

पिना ठेवाव्यात आणि कुलूप सॉफ्टवेअरमध्ये लावावं, असं माझं ठाम म्हणणं आहे. विक्रीच्या यू-बूटमध्ये मोजणी थांबवायची सोय बंद करायची. सिक्युअर बूट, म्हणजे आपली डिजिटल सही असलेलंच सॉफ्टवेअर चिप चालवेल अशी व्यवस्था, चालू करायची. ती चिपमधल्या एकदाच जाळता येणाऱ्या फ्यूजमध्ये नोंदली जाते, म्हणून फ्यूज जाळण्याआधी दोन-चार बोर्डांवर पूर्ण चाचणी घ्यायची. चुकीची किल्ली कोरली गेली तर तो बोर्ड पुन्हा आपलं ऐकत नाही. लॉगिनचा पासवर्ड प्रत्येक बोर्डाला वेगळा ठेवायचा. कर्नलचे संदेश विक्रीच्या प्रतीत कमी करायचे. त्याने गुप्तता राहते आणि वेगही वाढतो. दहा ठोक्यांना एक अक्षर या हिशेबाने सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात, म्हणजे तीस हजार अक्षरांच्या संदेशांना अडीच सेकंदांहून जास्त लागतात, आणि तेवढा वेळ बोर्ड सुरू व्हायला उशीर होतो.

बोर्ड आखतानाच ग्राउंड, टीएक्स, आरएक्स अशी तीन पॅड कडेला, डबी पूर्ण न फोडता पोचता येतील अशी ठेवा. शेजारी नावं आणि व्होल्टेज छापा. टीएक्स-आरएक्सच्या वाटेत छोटे रेझिस्टर टाका, म्हणजे कुणी चुकून वेगळं व्होल्टेज लावलं तरी चिप वाचण्याची शक्यता वाढते. आणि प्रत्येक बोर्डाचा सीरियल नंबर व त्याचा पासवर्ड कंपनीच्या सुरक्षित नोंदीत ठेवा, एखाद्या इंजिनिअरच्या लॅपटॉपवर नको. तो इंजिनिअर नोकरी सोडून गेला की ग्राहकाकडून आलेला बोर्ड उघडायला कुणाकडेच काही उरत नाही.